सासूची बरणी

"आज चहा जरा जास्तच गोड झालाय," मी म्हणालो, आणि बायकोने हातातला चमचा ओट्यावर ठेवला. आपटला नाही. आपटला असता तर बरं झालं असतं, भांडायला काहीतरी हाताशी आलं असतं. तिने तो सावकाश ठेवला, नॅपकिनला हात पुसले आणि माझ्या समोरची खुर्ची ओढून बसली. "चौदा दिवस," ती म्हणाली, "चौदा दिवस तुझ्या चहात काही घातलेलं नाही. साखर नाही, गोळी नाही, पुडी नाही. नुसतं दूध, पाणी आणि पत्ती. आणि चौदा दिवसांत नऊ वेळा तू म्हणालास, गोड जास्त झालाय." नऊ वेळा! म्हणजे बाईसाहेब रोज सकाळी माझ्यासमोर कप ठेवून मनातल्या मनात नोंद करत होत्या आणि वर तोंडावर तीच ती झोपाळू, सोज्वळ माया. लेक टेबलाच्या टोकाला टोस्टला लोणी लावत होती, ती लावतच राहिली. मी हसलो. म्हणजे दात दाखवले. "चेष्टा करत होतो तुझी. कळलं होतं मला पहिल्याच दिवशी." "नऊ वेळा चेष्टा?" "हो, नऊ वेळा. कंटाळा येईपर्यंत करायची असते चेष्टा." लेकीच्या टोस्टवर आता लोण्याचा थर बोटभर झाला होता. रविवारची सकाळ, सुट्टीचा एकच दिवस, आणि तोंड धुऊन झाल्या झाल्या ही चौकशी. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की कप भिंतीवर फेकावा. मी तो घोटाघोटाने संपवला. ऊन पाणी होतं, एवढंच मला कळलं. गेली दोन वर्षं मला तेवढंच कळतं.

दुसऱ्या एखाद्याला चहाची चव कळली नाही तर तो खांदे उडवतो आणि कामाला जातो. मला तसं करता येत नाही. मी औषधांच्या कारखान्यात तेवीस वर्षं चाखणारा आहे. लहान मुलांची खोकल्याची, तापाची पातळ औषधं आमच्याकडे होतात. त्यातलं मूळ औषध इतकं कडूजहर असतं की पोर चमच्यासकट थुंकून टाकेल. म्हणून त्यात गोडी घालतात, फळाचा वास घालतात, आणि ते जमलंय की फसलंय हे शेवटी माणसाची जीभच ठरवते. माझी. पांढऱ्या फरशांची एक चव-खोली आहे. तिथे लाल दिवा असतो, रंग बघून कुणी फसू नये म्हणून. दोन बेसिनं, कोमट पाण्याचा जग, नंबर टाकलेले कागदी कप. घोट घ्यायचा, जिभेवर फिरवायचा, थुंकायचा, कागदावर आकडा लिहायचा. गोडी शून्य ते पाच, कडवटपणा शून्य ते पाच, आणि शेवटचा रकाना 'मागची चव', म्हणजे थुंकून अर्धा मिनिट झालं की जी हळूच वर येते ती. बोलायचं नाही, तोंड वाकडं करायचं नाही, मध्ये पडदा. दोघांनी चाखायचं, दोघांनी वेगवेगळं लिहायचं, दोघांचे आकडे जुळले तरच माल बाटलीत. "त्याच्या जिभेला विचारा," असं आमचे साहेब म्हणायचे. मला विचारा असं कधी म्हणाले नाहीत. मला त्याचा राग यायचा, आणि अभिमानही वाटायचा, खोटं कशाला बोलू. घरातही मी तसाच वागलो. भाजीत मीठ दोन दाणे जास्त पडलं तर ताट सरकवायचो. बायकोला पहिल्या वर्षी रडवलं, दुसऱ्या वर्षी ती रडायची थांबली. लेक चार वर्षांची असताना तिला मी आकड्यांचा खेळ शिकवला. तिच्या जिभेवर काहीही ठेवायचं, लिंबू, कॉफी, कच्चं वांगं, आणि तिने तोंडातून अवाक्षर न काढता बोटांनी सांगायचं, किती कडू. मूठ म्हणजे शून्य, उघडा पंजा म्हणजे पाच. तिचे आकडे माझ्याशी हमखास जुळायचे. मी ते चार लोकांना दाखवायचो, माकडाचा खेळ दाखवावा तसा.

मग तो ताप आला. आठ दिवस अंथरुणात होतो, नवव्या दिवशी उठून चूळ भरली, आणि टूथपेस्ट नुसती झोंबली. झोंबतं मला अजून, थंड-गरम कळतं, वास थोडा थोडा येतो, पण चव नाही. गोड नाही, कडू नाही, मीठ नाही. तोंडात कापूस. येईल, येईल म्हणून महिनाभर थांबलो आणि तेवढ्या महिन्यात नोकरी करण्याची दुसरी रीत मला सापडली. चव-खोलीतला पडदा धुवायला गेला होता, तो मी परत लावू दिला नाही. गुदमरायला होतं म्हणालो, वयाचं कारण सांगितलं. समोर माझी जोडीदारीण बसते, तीस-बत्तीसची, शांत, नेमस्त बाई. मनात मी तिला 'आरसा' म्हणतो. ती तोंड वाकडं करत नाही, नियमाने वागते, पण माणसाचा चेहरा नियमाने वागत नसतो. नाकपुडी हलली की दोन. डावी भुवई किंचित उचलली की तीन. हनुवटीला खळगा पडला की चार, आणि मग ती पाण्याच्या जगाकडे हात नेते त्याच्या आधी मी माझा आकडा लिहून मोकळा. दोन वर्षं आमचे आकडे असे जुळतात की साहेब नव्या लोकांना आमची उदाहरणं देतात. हलकट काम आहे, मला ठाऊक आहे. पण ज्याचं उभं आयुष्य दोन इंची मांसाच्या तुकड्यावर उभं आहे त्याने काय करायचं, गोदामात खोकी मोजायची? शुक्रवारी साहेबांनी सांगितलं, सोमवारपासून तिथे पक्की लाकडी आडभिंत बसणार. "तुम्हा दोघांना निवांत," म्हणाले. सोमवार म्हणजे उद्या. आणि अशात ही बाई मला चहाची गोडी विचारते.

नाश्ता आवरल्यावर तिने स्वयंपाकघर उपसायला घेतलं. हा तिचा नवा उद्योग. बायको दातांच्या दवाखान्यात मदतनीस आहे. दिवसभर लोकांचे उघडे जबडे बघून घरी येते आणि आमच्या तोंडात काय जातं यावर हक्क सांगते. "खोटी साखर घरातून जाणार," असं तिने जाहीर केलं, चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि एकेका डब्याच्या पाठीवरचं बारीक अक्षर वाचायला लागली. बिनसाखरेची बिस्किटं. दोन बाटल्या पेय. जॅम. लेकीचं च्युइंग गम. खोकल्याच्या चघळायच्या गोळ्या. टिचकी मारली की एकेक गोळी टाकणारी ती प्लास्टिकची डबी. हॉटेलांतून उचलून आणलेल्या पुड्या, ज्या मी कोटाच्या खिशातून आणून ड्रॉवरमध्ये टाकत असे. सगळं एका पिशवीत. लेक उभी राहून पिशवीचं तोंड धरत होती, दोघींचं गूळपीठ मला दिसत होतं. "अगं, पण त्याने काय बिघडलं तुझं? इतकी वर्षं खातोय, मेलोय का?" मी म्हणालो. "कुणी मेलं म्हणून काढत नाहीये," ती म्हणाली, "साखर खायची असेल तर साखर खाऊ. कमी खाऊ. नको असेल तर नको. पण जीभ फसवायची नाही या घरात." हे ती मला म्हणाली! जीभ फसवायची नाही. मी खिडकीशी उभा राहून खाली बघत होतो, समोरच्या इमारतीखाली कुणीतरी गाडी धूत होतं. वाटलं, वळावं आणि विचारावं, बोल ना सरळ काय ते. पण ती सरळ बोलली तर पुढे काय, हे मला ठाऊक नव्हतं. म्हणून मी बिस्किटांवरून भांडलो. वीस मिनिटं, त्या भिकार बिस्किटांवरून. ती पिशवीतून काढून परत डब्यात ठेव म्हणून मी ओरडलो, आणि तिने ठेवली नाही.

ही गोडी मुळात घरात आली ती आईमुळे. सहा वर्षांपूर्वी आईला साखर निघाली आणि घरातली साखर गेली. दुपारी चारचा चहा हे माझ्या आईचं एकमेव व्यसन, आणि तो गोडमिट्ट लागायचा. डॉक्टरांनी बंद म्हटल्यावर ती कप हातात धरून नुसती बसली, आणि मला ते बघवेना. दुकानातल्या गोळ्यांना मागून कडसर चव येते. ती माझ्या आईने सोसायची, मग माझी जीभ काय चाटायची? मी कारखान्यातून मूळ पावडर आणली, तपकिरी काचेच्या बरणीत. साखरेच्या कित्येक पट गोड. आमच्याकडची मंडळी त्या पावडरीला 'सासू' म्हणतात. थोडी असली की गोड, जास्त झाली की कडू. म्हणजे खरंच तसं असतं, हा विनोद नाही, प्रमाण चुकलं की तीच गोडी उलटते आणि घशाला पकडते. बरणीवर कुणीतरी पेनने 'सासू' असंच लिहिलेलं होतं. बायकोला वाटलं, सासूबाईंची म्हणून लिहिलंय. तिने त्या बरणीला कधी हात लावला नाही, आणि मीही तिची समजूत कधी मोडली नाही, उगाच कशाला. सुट्टीच्या दिवशी आणि संध्याकाळची पाळी असली की चारचा चहा मी करायचो. टाचणीच्या डोक्यावर राहील एवढी पावडर, त्यापेक्षा कणभर जास्त नाही. एक घोट आधी मी घ्यायचो, मग कप आईच्या हातात. "छान झालाय रे," आई म्हणायची. तापानंतरही मी तो चहा करतच राहिलो. एक घोट घ्यायचो. गोड लागायचा नाही. टाचणीवर थोडी जास्त घ्यायचो. तरी नाही. मग चमच्याचं टोक. मग पाव चमचा. माझ्या डोक्याला ठाऊक होतं की जीभ गेलीय. पण हात ऐकायचा नाही, तेवीस वर्षांची सवय, घोट घेऊन कमी वाटलं की घालायचं. आणि आईच्या चेहऱ्याकडे मी बघायचो की, आरशाकडे बघतो तसा! नाकपुडी नाही, भुवई नाही, हनुवटी नाही. म्हातारी शांत बसून कप संपवायची, तळाचा घोटसुद्धा ठेवायची नाही. "छान झालाय रे." मला वाटायचं, चला, निदान इथे तरी प्रमाण जमतंय. ती गेली त्याला नऊ महिने झाले. त्यानंतर रविवारचा चारचा कप लेकीचा झाला. तीच म्हणाली, आजीचा चहा आता मला दे.

चार वाजायला आले तेव्हा बायको स्टुलावर चढून वरच्या फळीपर्यंत पोचली होती. बरणी तिच्या हातात आली तशी ती खाली उतरली. "ती राहू दे," मी म्हणालो. "ती आईची आहे." "माहीत आहे कुणाची आहे ते." तिने बरणी टेबलावर ठेवली, माझ्या आणि तिच्या मध्ये. "दोन रविवारांपूर्वी हिच्या कपात अर्धा चहा उरला होता. मी तोंडाला लावला. बेसिनमध्ये थुंकला, चार वेळा चूळ भरली, तरी रात्रीच्या जेवणापर्यंत तोंड कडू होतं माझं. आणि ही अर्धा प्यायली होती. तुझ्यासमोर. दुसऱ्या दिवसापासून मी तुझ्या चहात काही घातलं नाही." "प्रमाण चुकलं असेल एखाद्या दिवशी." "एखाद्या दिवशी?" ती हसली, आणि तिचं ते हसू मला आवडलं नाही. "आई शेवटच्या आजारात मला म्हणाल्या होत्या. त्याची जीभ गेलीय गं. कारलं बरं असा चहा करतो, आधी स्वतः घोट घेतो आणि मला देतो. त्याला कळू देऊ नकोस, त्याचं सगळं त्या जिभेवर आहे. नऊ महिने मी कळू दिलं नाही. मला वाटलं, आई गेल्या, बरणी फळीवर गेली, संपलं." मी म्हणालो, "खोटं बोलतेस." म्हणालो, "माझ्या मेलेल्या आईच्या तोंडी शब्द घालतेस, लाज नाही वाटत?" म्हणालो, "चौदा दिवस नवऱ्याला पाणचट चहा पाजून त्याची परीक्षा घेणारी बाई तू, तुझ्यावर कोण विश्वास ठेवणार?" आणखीही म्हणालो, ते इथे सांगण्यासारखं नाही.  "मला तुझ्या जिभेचं काही नाही," ती शेवटी म्हणाली. "गेली तर गेली. उद्या साहेबांना सांग, दुसरं काम बघू. सांगायचं नसेल तर नको सांगूस. पण बारा वर्षांची पोर कडू गिळून छान म्हणायला शिकलीय. आईंना बघून शिकलीय. ते मला माझ्या घरात नको. म्हणून हे सगळं फेकतेय मी, कळलं? बिस्किटांनी माझं काही बिघडवलं नव्हतं."

मी उठलो आणि चहा ठेवला. सिद्ध करायचं होतं मला, दुसरं काही नाही. तिच्या नाकावर टिच्चून. पातेल्यात पाणी उकळलं, पत्ती घातली, दूध घातलं, लेकीचा निळा कप पुसून घेतला. बरणीचं झाकण फिरवलं. पाव चमचा, नेहमीचाच. एक घोट मी घेतला, नेहमीसारखा. ऊन पाणी. "बरोबर आहे," मी म्हणालो आणि कप लेकीसमोर ठेवला. "बाबा," ती म्हणाली आणि तिने तिच्या आईकडे बघितलं. "तिच्याकडे काय बघतेस? पी आणि सांग." "अरे, काय करतोयस तू?" बायको पुढे आली. मी हात आडवा केला. लेकीने कप दोन्ही हातांनी उचलला आणि ती प्यायली. लहान घोट नाही, चांगला मोठा. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो, बघण्यात मी आता तरबेज आहे. नाकपुडी हलली नाही. भुवई हलली नाही. हनुवटी गुळगुळीत. ओठ मिटलेले, डोळे थोडे खाली, कपाच्या काठावर. तो चेहरा मी ओळखत होतो. चार वाजता, खिडकीशी, वर्षभर मी तो बघितला होता आणि त्याला मी समाधान म्हणत होतो. "छान झालाय बाबा," लेक म्हणाली. आणि तिने पुन्हा कप ओठांना लावला.

"थांब," मी म्हणालो.  बायको बेसिनपाशी तोंड फिरवून उभी होती.  खरं सांग असं म्हटलं असतं तर तिने पुन्हा छानच सांगितलं असतं, अजून एक घोट पिऊन. म्हणून मी खुर्चीत बसलो, तिच्या उंचीला आलो, आणि चार वर्षांच्या पोरीला विचारायचो तसं विचारलं. "बोलायचं नाही. किती कडू?" तिने माझ्याकडे बघितलं. चेहरा तसाच, आजीचा. मग टेबलावरून तिचा उजवा हात वर आला. अंगठा, दोन बोटं, तीन. थोडं थांबून चौथं. आणि मग सगळा पंजा, ताठ, बोटं फाकवून, इतक्या जवळ की तळहातावरच्या रेषा मला दिसत होत्या. डोळ्यांत पाणी होतं, ते गालावर येऊ नये म्हणून ती पापण्या हलवत नव्हती. मी तिच्या दुसऱ्या हातातला कप काढून घेतला. "उद्या सांगतो साहेबांना," मी म्हणालो, बायकोला की तिला, कुणास ठाऊक. बायकोने बरणी घेतली, नळ सोडला आणि सासू बेसिनमध्ये ओतली. पाणी बराच वेळ वाहत होतं. लेकीचा पंजा अजून तसाच हवेत होता, खाली घे म्हणून मी सांगायला हवं होतं. पण मी त्याच्याकडे बघत बसलो. आईला हा खेळ मी कधी शिकवलाच नव्हता.